शुभ पक्षी

गेल्या वर्षी दयाळाची तिन्ही पिल्लं भारद्वाजाने खाल्ली. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

मागच्या भिंतीवर मी एक लाकडी पेटी टांगली होती, समोरून उघडी. दयाळाच्या जोडीने तिच्यात घर केलं. रोज सकाळी चहा घेऊन मी पायरीवर बसायची आणि पिल्लांच्या उघड्या चोची पाहून माझं काळीज सुपाएवढं व्हायचं. मग एके दिवशी मेंदीच्या कुंपणातून तो तांबड्या पंखांचा बाहेर आला. मी पायरीवरून उठेपर्यंत एक पिल्लू त्याच्या चोचीत लटकत होतं. आठवड्याच्या आत उरलेलीही गेली.

आणि सासूबाई? त्या अंगणात खुर्चीवर बसून त्याला हात जोडत होत्या! सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, ही त्यांची माहेराहून आलेली श्रद्धा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्याच्या चोचीत काय आहे ते दिसतच नव्हतं. मी ओरडून सांगितलं, तर मलाच म्हणाल्या, "काहून आळ घेऊन राहिली वं त्याच्यावर? किडे खाते तो. शुभ पक्षी आहे."

शुभ! माझ्या डोक्यात तिडीक गेली. दयाळाची मादी चोचीत अळी घेऊन रिकाम्या पेटीशी येत होती आणि इकडे नमस्कार चालू. त्याच दिवशी ठरवलं, दोघांवरही सूड उगवायचा.

भारद्वाजाचा बंदोबस्त सोपा होता. सुताराकडून नवी पेटी करून घेतली, सगळीकडून बंद, आणि भोक एवढंच की चिमणी कशीबशी शिरेल. सासूबाईंचा बंदोबस्त म्हणजे डोळ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर कधीपासून सांगत होते आणि त्या टाळत होत्या. हिवाळ्यात मी त्यांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलंच. सून असावी तर अशी, असं नातेवाईक म्हणाले. मला तर सासूबाईंना एकच गोष्ट दाखवायची होती.

उन्हाळा लागताच चिमण्यांनी पेटी धरली. आमच्या कूलरच्या जाळीतलं गवत उपसून उपसून आत नेलं. आम्ही उकडून निघालो, पण मी त्यांना हाकललं नाही. पिल्लं चिवचिवू लागली तसा तो आलाच. पेटीवर बसला, भोकात चोच खुपसली, लाल डोळा लावून आत पाहिलं. काही जमेना. "कर, अजून कर," मी पायरीवरून म्हणत होते. त्या चहाची चव वेगळीच होती. सासूबाई मात्र नव्या डोळ्यांनी पाहूनही म्हणाल्या, "पाह्य कसा, पिल्लायले भेटाले आला."

मग पिल्लं बाहेर पडायचा दिवस आला. बाकीची भुर्रकन लिंबाच्या झाडावर गेली. शेवटचं थेट फरशीवर आपटलं, सासूबाईंच्या खुर्चीपासून हाताभरावर. कुंपण हललं. भारद्वाज दिसताच सासूबाईंनी सवयीने हात जोडले. खराटा उचलून मी धावले, पण तोवर त्याने पिल्लाचा पंख धरला होता. पिल्लू किंचाळलं.

सासूबाईंचे हात सुटले. "हाड्या मेल्या!" म्हणत त्यांनी काठी उचलून त्याच्या अंगावर फेकली. तो पिल्लू टाकून कुंपणापार उडाला. मी पिल्लाला ओंजळीत घेऊन लिंबाच्या फांदीवर ठेवलं. पंख विस्कटला होता, पण ते जिवंत होतं. चिमणी लगेच त्याच्याजवळ आली.

"आता बोला आई," मी म्हणाले. "शुभ आहे ना?"

कुंपणाकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या, "त्याचीबी पिल्लं असतीन वं तिकडं. वाट पाहून राहिली असतीन."

"असू द्या. आज उपाशी राहतीन."

हे म्हणताना मला इतकं बरं वाटलं की हसू आवरेना. सासूबाई कुंपणाकडचं पाहणं सोडून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आता त्यांना अगदी स्पष्ट दिसतं.