न सांगता पाणी बंद करणारे नबीलालचाचा

नबीलालचाचा नळ दुरुस्त करायला आले की कोणालाही न सांगता गच्चीवर जात, टाकीखालचा कॉक बंद करत आणि जिन्यात बसून शिव्यांची वाट बघत. एखाद्या न्हाणीतून "कुणाचा मुडदा बशिवला त्या कॉकवर!" असं ऐकू आलं की समाधानानं उठत. "आला आवाज. कॉक बरोबर धरला," म्हणत आणि पान्याला हात घालत. जुन्या कॉकवर त्यांचा विश्वास नव्हता. अंगाला साबण लावून अडकलेल्या माणसावर होता.

मी वैरागजवळच्या खेड्यातला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. सोलापुरात शाळेत लागलो, आठ बिऱ्हाडांच्या या इमारतीत घर घेतलं आणि "सर शिकलेले हायत" एवढ्याच पुराव्यावर सगळ्यांनी मला सेक्रेटरी केलं. शिक्षणानं मला माणसांत आणलं, ही माझी श्रद्धा आहे. त्यामुळे लोकांना असं साबणात उभं करणं मला पटेना.

माझ्याच स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. दिवसाला अर्धी बादली पाणी वाया जात होतं. मी चाचांना म्हटलं, "या वेळी रीतसर कळवू. लोकांचा हक्क आहे."

"नका सांगू, सर. सांगून बंद केलं की कॉक बंद करायचं कामच ऱ्हात न्हाय."

मला हा अडाणीपणा वाटला. मी शुद्ध मराठीत नोटीस लिहून जिन्यात लावली : 'उद्या सकाळी दहा ते साडेदहा पाणी बंद राहील. कृपया आवश्यक तेवढेच पाणी भरून ठेवावे.' 'आवश्यक तेवढेच' याखाली दोनदा रेघ ओढली.

आमच्याकडे नळाला पाणी येतं चार दिवसांआड. अशा गावात 'पाणी बंद' हे दोन शब्द वाचल्यावर पुढचं कोणी वाचत नाही. सकाळी सहापासून हंडे, पिंपं, बादल्या, कुकर भरले गेले. आहेरातली कोरी पातेली माळ्यावरून खाली आली. माझ्या बायकोनंही भरलं. मी तिला अडवलं नाही.

दहाला चाचा आले आणि त्यांनी माझा नळ उघडला. नळानं नुसता फुसकारा टाकला.

"सर, कॉक बंद करू का?" त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं.

अर्धी बादली वाचवायला मी अख्खी टाकी रिकामी केली होती. पुढचं पाणी तीन दिवसांनी. घरोघरी तळी साचली होती. कोरडं राहिलं होतं एकच घर, तळमजल्यावरच्या शांतामावशींचं. मावशी एकट्या, मांडीचं हाड मोडून अंथरुणावर. त्यांची कामाची बाई अकराला यायची. नोटीस जिन्यात होती आणि मावशींना दारापर्यंतही येता येत नव्हतं.

चाचांनी पाच मिनिटांत वायसर बदलला. मग माझ्या हातात माझीच बादली दिली. "चला. नोटीस तुमची, मागणं बी तुमचंच."

मी दारोदार गेलो. चाचा मागे.

"भरा म्हणून तुमीच लिवलं की वो, सर," पहिल्या मजल्यावरच्या सुनंदाबाई म्हणाल्या. "आता वता म्हणताय? मावशीला आमी न्हाय म्हणत न्हाय, पण एक तांब्या देते."

मागून चाचा म्हणाले, "द्या की तांब्या. तुमचा नळ गळंल तवा मी बी तांब्याएवढाच दुरुस्त करतो."

हंडा आला.

सहा दारं, सहा टोमणे. सातवं दार माझं. तिथला टोमणा सगळ्यांत मोठा होता. पण मावशींचं पिंप काठोकाठ भरलं.

"कुणी धाडलं वो येवढं पाणी?" मावशींनी विचारलं.

मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तोवर चाचा बोलूनही गेले, "सरांनी नोटीस काढली, मावशी. सगळ्यांनी तुमच्यासाठी पाणी भरून ठिवा म्हणून." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"शिकलेल्या माणसाची गोष्टच न्यारी," मावशी म्हणाल्या आणि पडल्या पडल्या त्यांनी मला हात जोडले.

चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. आमच्या इमारतीतून बरेच जण मातीला गेलो होतो. मावशी आता काठी घेऊन चालतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या नोटिशीची गोष्ट सांगतात. मी समोर असलो तर मान खाली घालून उभा राहतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.