आबांचा पासवर्ड

आमच्या अमळनेरच्या घरात इंटरनेट आलं तेव्हा ते आबांच्या नावावर आलं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. टेलिफोन त्यांच्या नावावर, बियाण्यांचं दुकान त्यांच्या नावावर, मग इंटरनेटनं वेगळं कुठे राहायचं? नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे कॉम्प्युटर नव्हता, आणि आबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कुटुंबप्रमुख व्हायला काही कळावं लागतं, असं आमच्याकडे कोणी कधी म्हटलेलं नाही.

जोडणी करून देणारा इंजिनिअर गावातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. जाताना त्यानं आबांना बजावलं, "हा पासवर्ड कागदावर लिहायचा नाही आणि कोणाला सांगायचा नाही." गुरूनं कानात मंत्र द्यावा तसा आबांनी तो घेतला. त्या दिवसापासून कोणालाही इंटरनेट हवं असलं की आधी आबांना हाक मारायची. ते येत, खुर्चीत बसत आणि म्हणत, "बठ्ठा तोंड फिरवा." आम्ही सगळे, माझे वडीलसुद्धा, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो. मागे टकटक व्हायची, मोडेम किंचाळायचा, आणि आबा देवपूजा आटोपल्यासारखे प्रसन्न होऊन उठायचे.

मी तेव्हा एम.एस्सी. करून घरी बसले होते. आमच्याकडे मुलगे नोकरी शोधतात आणि मुली घरी बसतात, करत मात्र दोघंही एकच असतात. पुण्याच्या एका कंपनीत मी मुलाखत देऊन आले होते. निकाल ई-मेलनं कळवू, म्हणाले. ई-मेलचा पत्ता घरात एकच होता, आणि तो कोणाच्या नावावर होता हे सांगायला नकोच. 'जाऊ ना?' असं वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, "आधी निवड तर होऊ दे." निवड होणार नाही अशी त्यांना मनातून फार आशा होती.

त्याच सुमाराला वीज कडाडली आणि मोडेम जळाला. इंजिनिअरनं नवा बसवला, कॉम्प्युटरमधली जुनी जोडणी पुसून नवी करून दिली आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळी आम्ही भिंतीकडे तोंड केलं. टकटक झाली. मोडेम किंचाळला आणि गप्प बसला. आबांनी मॉनिटर बंद केला. "लागत नही. कंपनीनीच गडबड शे."

इंजिनिअर पुन्हा आला. त्यानं सांगितलं, लाईनमध्ये खरखर आहे. वायर बदलली. मग म्हणाला, अर्थिंग कमजोर आहे. आम्ही अंगणातल्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतलं. मग म्हणाला, व्हायरस असेल, आणि त्या खोलीत चपला घालून यायचं बंद झालं. शेवटी त्याला सुचलं, "पासवर्ड काय आहे, माझ्या लक्षात नाही, मी टाकून बघतो." आबा म्हणाले, "तूच सांगं व्हतं, कोणले सांगू नका." त्यानंही भिंतीकडे तोंड केलं.

त्यातच एरंडोलला एका लांबच्या चुलतभावाचं लग्न लागलं, आणि व्याह्यांनी टॉवेल-टोपी आधी माझ्या वडिलांना दिली, आबांना नंतर. आमच्या खानदेशात यावरून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं पाणी तोडलंय. आबा जेवले नाहीत. घरी येऊन जाहीर केलं, "ज्याले पहिले टोपी भेटनी, त्याले सांगा इंटरनेट लावाले."

आता बिघाड मोडेममध्ये नव्हता, मानपानात होता. वडिलांनी नवी टोपी आणली, आबांना पाटावर बसवून त्यांच्या डोक्यावर ठेवली, पाया पडले. अक्कानं, म्हणजे आबांच्या बायकोनं, खापरावरचे मांडे केले. आबांनी टोपी घेतली, मांडे चापून खाल्ले आणि म्हणाले, "सकाय दखू." सकाळी त्यांचा गुडघा धरला. इकडे मला रडू कोसळत होतं. पुण्याचं उत्तर आलंय की नाही, हे मला एका म्हाताऱ्याच्या रुसव्यामुळे कळत नव्हतं. असा संताप मला आधी कधी आला नव्हता.

दुपारी दुकानात कोणी नसताना मी त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "आबा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. टोपी काय दहा आणून देते." त्यांनी वजनकाट्यातलं माप उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"टोपी ते बहाना शे, पोरी," ते हळूच म्हणाले. "पासवर्ड मी विसरी गयू."

"पण रोज तर टाकत होता!"

"त्या डब्बालेच याद व्हतं. पहिल्या रोजपासून. मी नुसतं बटन दाबू."

"आणि ती टकटक?"

आबांनी काउंटरवर बोटं वाजवून दाखवली. टकटक अगदी हुबेहूब झाली. महिनोन्‌महिने आम्ही भिंतीला नाक लावून याच संगीतासाठी उभे होतो! मला हसावं की त्या काउंटरवर डोकं आपटावं, कळेना. म्हणजे नवी जोडणी करताना मशीन विसरलं होतं, आणि त्याच्याआधी आबा.

इंटरनेटच्या कंपनीला फोन केला तर म्हणाले, ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांनी स्वतः जळगावच्या ऑफिसात यायला हवं. आबांचा चेहरा उतरला. तरी ते आले. घरी सांगितलं, कंपनीला जाब विचारायला चाललोय. एसटीनं आम्ही जळगावला पोचलो. काउंटरवर नव्या टोपीला हात लावून, शुद्ध मराठीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पासवर्ड विसरलो." काउंटरवरच्या मुलीनं मान वरसुद्धा केली नाही. "नवीन कोणता ठेवायचा?" तिनं विचारलं, आणि आबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. पासवर्ड मी ठेवला.

तिथल्याच मशीनवर तिनं आम्हाला ई-मेल उघडू दिला. निवड झाली होती. येणार असाल तर कळवा, असं लिहिलं होतं, आणि कळवायची शेवटची तारीख आजचीच होती. मी आबांना वाचून दाखवलं. घरी जाऊन विचारायला वेळ नव्हता, आणि विचारलं असतं तर उत्तर मला माहीत होतं. मी 'हो' टाइप केलं आणि पाठवून दिलं. आबा बघत होते. अडवलं नाही, एवढंच.

रात्रीची जेवणं होण्याआधी आबांनी ओसरीवर निकाल दिला. चूक कंपनीचीच निघाली, आपण चांगलं खडसावलं. वडिलांनीही कंपनीला चार शिव्या घातल्या. मीही घातल्या, जरा जास्तच मोठ्यानं. मग आबा म्हणाले, "आणि ऐका. पोरगी पुण्याले जाई. मी हो लिखी दिन्हं."

वडिलांनी अक्काला पानं वाढायला सांगितलं. आबांनी लिहिलं म्हटल्यावर विषयच संपला. मी लिहिलं असं कळलं असतं तर तो उद्या सकाळीसुद्धा संपला नसता. अभ्यास माझा, मुलाखत माझी, 'हो' टाइप करणारी बोटं माझी. मी आबांच्या पाया पडले, आणि सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले.