गिरजाबाईंच्या गळ्यातली पाटी

विद्यापीठाच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या दालनात मी बाइंडर आहे, सादिक. फाटकी पानं मी सांधतो आणि संघप्रियाबाई त्यांची नोंद करतात. बाई फार शांत आहेत असं सगळे म्हणतात. साफ खोटं! तीस वर्षं एका माणसावर डूख धरून बसलेली बाई कसली शांत?

तो माणूस म्हणजे तेंदूपानाचा ठेकेदार खुशालराव. १९९४ साली मुलचेऱ्याकडच्या एका फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, त्यानं एका मजूर बाईच्या कानाखाली वाजवली. संघप्रियाबाईंच्या आई गिरजाबाई तिथंच होत्या. त्यांनी पुढं होऊन चारचौघांत त्याच्याही कानाखाली एक ठेवून दिली. पंधरा दिवसांत गिरजाबाईंवर बांबूचोरीचा आळ आला. गळ्यात ‘मी चोर आहे’ अशी पाटी बांधून त्यानं त्यांना भर बाजारात उभं केलं, फोटो काढवला आणि एका साप्ताहिकात छापून आणला. खाली ‘धडाडीचे ठेकेदार’ म्हणून स्वतःचं नाव. गिरजाबाईंचं नावच नाही. पुढं कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं, पण ते कुणी छापलं नाही. शाळेत पोरं आठ वर्षांच्या संघप्रियाला ‘चोरनीची पोरगी’ म्हणायची.

नोकरी लागल्यापासून बाई तो अंक शोधत होत्या. वाळवी लागलेल्या एका गठ्ठ्यात तो सापडला. खळ आणि पातळ कागद लावून मीच तो सांधला. कडा गेल्या होत्या, फोटो शाबूत होता. आता याचं काय करायचं, असं मी विचारलं.

"थांबा, सादिकभाऊ," एवढंच म्हणाल्या.

गेल्या दिवाळीनंतर खुशालराव स्वतःच्या पायांनी आमच्याकडे चालत आला. पंचाहत्तरीचा सत्कार होता.

"माह्यं नाव छापलेले सारे फोटो मोठे करून पाहिजेत बाई. हॉलमधी लावून राह्यलो," म्हणाला आणि अर्जावर ऐटीत सही ठोकून गेला. गडी तो फोटो विसरूनच गेला होता!

मी तर लगेच प्रिंट काढायला निघालो होतो. बाईंनी अडवलं. तो फोटो लागला की आई पुन्हा पाटी बांधून गावापुढं उभी राहणार होती. त्या रविवारी आम्ही दोघं गावी गेलो. गिरजाबाईंनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"हे पुन्हा साऱ्यायले दिसंल?"

"हो माय. तुले नको असंल त देत नाई."

"दे. पन मीबी तिथीच उभी राहीन."

सत्काराच्या दिवशी खुशालरावच्या माणसांनी फोटो भराभर टांगले. खालचं साहेबांचं नाव वाचलं, वरचं कुणी पाहिलं नाही. गिरजाबाई निळं लुगडं नेसून त्या फोटोखाली उभ्या राहिल्या आणि येईल त्याला सांगू लागल्या, "हे मी व्हय. म्या याले थापड मारली म्हनून यानं पाटी बांधली. कोर्टानं मले सोडलं." अर्ध्या तासात सगळा हॉल त्या एका फोटोपुढं जमला.

खुशालराव फेटा बांधून आला आणि जागीच थिजला. "काढा तो फोटो!" कुणी हललं नाही. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "जाऊ द्या न बाई, जुनी गोष्ट हाय."

"चोर म्हनतानी बाजारात वरडला होतास," गिरजाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "आता हळू काऊन बोलून राह्यला?"

तो मागच्या दारानं निघून गेला. स्टेजवरची त्याची खुर्ची रिकामीच राहिली. खोटं कशाला बोलू, मला भारी आनंद झाला. संघप्रियाबाई मात्र आईचा हात धरून रडत होत्या.

हॉल रिकामा झाल्यावर मी तो फोटो उतरवला आणि त्यातली पाटी पाहून रागाच्या भरात फाडायला निघालो. गिरजाबाईंनी माझं मनगट धरलं.

"फाडू नोको भाऊ. चांगला सांभाळ. त्या ठेकेदाराचे नातू शिकाले येतीन तुमच्या इथी. त्यायलेबी दाखवजो."