भिमाजीआप्पांचा उजवा डोळा

सायखेड्यात दशक्रिया असली की पहिला निरोप जायचा भिमाजीआप्पांना, मग आचाऱ्याला. श्रद्धांजलीची भाषणं ठोकणारे आमच्याकडे पैशाला पासरी, पण ठोकता ठोकता रडणारा हा एकटाच. माइक हातात आला की आप्पांचा उजवा डोळा वाहायला लागायचा. मेलेला कोण, याच्याशी त्या डोळ्याला काही देणंघेणं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी द्राक्षांवर फवारणी करताना औषध डोळ्यात उडालं. बुबुळ पांढरं पडलं, नजर गेली आणि ठणका तेवढा राहिला. डोळा गेलाय हे गावाला ठाऊक होतं, पण पाणी मायेचंच आहे यावर गावाचं एकमत होतं. त्या मायेवर आप्पा सोसायटीत दोनदा बिनविरोध निवडून आले.

शेवटी त्यांच्या बायकोने, लंकाबाईंनी, त्यांना शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"नजर येणार नाही," बाई म्हणाल्या. "पण डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा ओढून बुबुळावर शिवला, की दुखणं थांबेल. पाणीही थांबेल."

"पाणी राहू द्या ना थोडं," आप्पा म्हणाले.

"त्यांना दशक्रियेला लागतं," लंकाबाईंनी खुलासा केला. "बाई, तुम्ही शिवा. जेवता जेवता घास टाकून भिंतीला डोकं लावून बसत्यात. मला नाय बघवत."

ऑपरेशन झालं. बारा वर्षांनी आप्पा गाढ झोपले. मला भेटले तेव्हा म्हणाले, "लय हलकं वाटतं रे, पण आता मला बोलावील कोण?"

महिन्याभरात सोमा गेला. पहिलीपासूनचा त्यांचा मित्र. दशक्रियेला गोदेच्या घाटावर आप्पांनी माइक घेतला, "आमचा सोम्या" एवढंच म्हणाले, आणि डाव्या डोळ्यातून धार लागली. आप्पांनी एवढ्या दशक्रिया केल्या, पण हा डोळा कधी ओला झालेला मी पाहिला नव्हता.

विधी उरकल्यावर सोमाचा धाकटा भाऊ नाथा तणतणत आला.

"आप्पा, साऱ्या गावासाठी उजव्या डोळ्यानं रडले तुम्ही. अन आमच्या दादाला डावा?"

आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. शुभ असो की अशुभ, डाव्याने काही करत नाहीत, हे काय आप्पांना सांगायला हवं होतं?

"चुकलं बाबा," आप्पा म्हणाले. त्यांनी उपरण्याचं टोक घेतलं आणि नाथाच्या समाधानासाठी उजवा, कोरडा डोळा नीट पुसला. डावा तसाच वाहत राहिला.