दुसरी चाल घरात आली तेव्हा

एका माणसाचं एक वाक्य मी एकोणीस वर्षं स्वतःचं म्हणून खपवलं.

तो माणूस काल गेला.

दस्तगीरचाचा. कोल्हापुरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे आणि पियानो ट्यून करायचे. ट्यून करणारं दुसरं कुणी गावात नव्हतंच, कारण पियानोच मोजून चार-पाच. महाराज गादीवर होते त्या काळात चाचांच्या आजोबांनी एका साहेबाच्या बंगल्यावर हे काम शिकून घेतलं. साहेब गेला, काम यांच्या घरात राहिलं.

आमच्या घरचा पियानो तेच जुळवायचे. काम झालं की म्हणायचे, "वाजीव बघू पोरी, कुठं कण्हतोय का बघतो."

आणि मी वाजवलं की डोळे मिटून पूर्ण ऐकायचे. आमच्या घरच्यांना माझे सोनाटे म्हणजे नुसतं टिंगटिंग. मनापासून ऐकणारा माणूस एकच, चाचा.

मी बावीस वर्षांची असताना पियानोच्या परीक्षेआधी एका हॉलमध्ये माझा कार्यक्रम ठेवला होता. पहिल्या रांगेत पुण्याहून आलेल्या, मला पियानो शिकवणाऱ्या मॅडम. सकाळी चाचांनी तिथला पियानो जुळवला होता, म्हणून त्यांनाही एक पास दिला.

ज्यांना सोनाटा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोनाटा ही पाश्चात्त्य संगीतातली रचना. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या सोनाट्याच्या पहिल्या भागात आधी एक चाल येते, मूळ सा धरून. मग दुसरी चाल येते, ती बहुतेक वेळा पंचमाला सा मानून. मधे या चालींची मोडतोड होते, भलत्याच स्वरांत भटकंती होते. शेवटी पहिली चाल परत येते. मागोमाग दुसरीही येते, पण आता ती मूळ सा धरून येते.

एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट, रीकॅपिट्युलेशन. मला नावं तोंडपाठ होती. कानाला मात्र हे कधी कळलं नव्हतं.

मी वाजवत होते. शेवटाकडे ती दुसरी चाल सुरू झाली, आणि मागून खणखणीत आवाज आला.

"व्वा! आली की घरात!"

आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत दाद दिली नाही तर गाणाऱ्याला वाईट वाटतं. सोनाट्याला लोक खोकलासुद्धा दाबून धरतात. हॉल हसला. मॅडमनी मान वळवून बघितलं. माझा डावा हात अडखळला.

कार्यक्रम संपल्यावर चाचा जिन्यापाशी थांबले होते. एकदम खुशीत.

"पोरी, ती दुसरी चाल. पयल्यांदा आली तवा पावणी हुती, पंचमाच्या घरची. शेवटाला आली ती सून हुऊन आली. चाल तीच, पर सा आपल्या घरचा. व्हय का न्हाय?"

मी म्हणाले, "चाचा, तुम्ही पेट्या दुरुस्त करा. सोनाटा मला कळतो. आणि इथं मधे बोलायचं नसतं, एवढं तरी कळायला हवं."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांना ऐकू जावं म्हणूनच बोलले मी.

चाचा म्हणाले, "चुकलं बाळ." आणि जिना उतरले.

अख्ख्या हॉलमध्ये तो सोनाटा त्यांना एकट्यालाच कळला होता.

पुढच्या आठवड्यात परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. दुसरी चाल परत येते तेव्हा काय बदलतं? मी पावणी आणि सून सांगितली, इंग्लिशमध्ये. परीक्षक खूश. मला डिस्टिंक्शन.

चाचा नंतरही दर सहा महिन्यांनी यायचे. तारा जुळवायचे, चहा घ्यायचे. "वाजवू का?" म्हटलं की म्हणायचे, "नगं, हुपरीला काम हाय."

दर वेळी हुपरीलाच काम. त्या पैंजणांच्या गावात एवढ्या पेट्या कुठून आल्या असत्या? मला सगळं कळत होतं. माफी मागायला दोन शब्द पुरले असते. पुढच्या वेळी मागू, असं म्हणत राहिले.

मग मी क्लास काढला. पावणी आणि सून हे माझं हुकमी वाक्य झालं. मुलांना पटकन कळायचं, पालक कौतुक करायचे, मी ते कौतुक घ्यायची.

गेल्या वर्षी चाचा क्लासमधला पियानो उघडून काम करत होते. मी शेजारच्या कीबोर्डवर मुलांना शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "मॅम, हे पावणी-सून कुठल्या बुकात आहे?"

चाचा माझ्यापासून चार हातांवर होते.

मी म्हणाले, "बुकात नाही गं. मलाच सुचलं."

त्यांनी मान वर केली नाही. तार जुळेपर्यंत तीच एक पट्टी वाजवत राहिले. जाताना म्हणाले, "चांगलं शिकवतीस पोरी."

लाज वाटते लिहिताना. तेव्हाही वाटली होती, पण गिळली.

काल त्यांच्या घरी गेले. त्यांची मुलगी रुबीना माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "अब्बा लई सांगायचे तुमचं. माझी गोष्ट मॅडम पोरांस्नी शिकवत्यात, आन् दर टायमाला माझं नाव घिऊन शिकवत्यात, म्हणायचे. घेता न्हवं?"

मी हो म्हणाले.

चाचा समोर होते, पांढऱ्या चादरीत. आणि मी हो म्हणाले.

म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर लिहितेय. माझ्या विद्यार्थ्यांनो, ते वाक्य दस्तगीरचाचांचं आहे. मला काहीही सुचलं नव्हतं.

रुबीना, तू हे वाचशील. मी तुझ्याशी खोटं बोलले. तुझे अब्बाही तुझ्याशी खोटं बोलले, पण ते माझी अब्रू राखायला.

चाचा, मला माफ करा.

तुम्हाला शेवटचा सलाम.