चार दिशांचं प्रस्थान

तातेरावांनी हिंगोलीच्या छावणीत सव्वीस वर्षं नोकरी केली आणि आयुष्यात एकदाही आगगाडीत पाय ठेवला नाही. त्यांची नेमणूक खोगिरांच्या कोठारावर होती. रिसाले आले, रिसाले गेले. तातेराव प्रत्येकाला पोचवायला गावाबाहेरच्या पुलापर्यंत जायचे आणि कोठाराच्या किल्ल्या कमरेला खोचून परत यायचे. पुढे छावणीच उठली, तरी हे जागचे हलले नाहीत. पण फौजेचा विषय निघाला की आम्हा गल्लीकरांना तोंड उघडायची सोय नसे. "फौज कशी हलवायची ते मला इचारा," असं ते म्हणायचे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

सदतीस सालच्या जानेवारीअखेरीस त्यांना फौज हलवायची संधी चालून आली. त्यांचा मुलगा मार्तंड इंग्रजी पलटणीत झाशीला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण बायको जिवनबाई हिंगोलीतच. वर्षाकाठी नवरा महिनाभर दिसायचा. लहानग्या विजयाला तर बाप म्हणजे मिशीवाला पाहुणा वाटायचा. आता त्याला पलटणीत एक खोली मिळाली होती. पत्र तातेरावांनी वाचून दाखवलं: पंधरा फेब्रुवारीच्या आत बायको हजर झाली नाही तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. साखरा गावचा रामकिशन, मार्तंडच्याच पलटणीतला, रजेवर आला होता. परतताना तो दोघींना घेऊन जाणार होता; तातेराव मागाहून जातील, असं सगळ्यांनी धरलं होतं.

जिवनबाई सासऱ्यापुढे सहसा बोलत नसे. त्या दिवशी तिनं पदराआड तोंड लपवून हसू दाबलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तातेरावांनी कूचाची तयारी सुरू केली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चुन्यानं नंबर पडला. तवा एक, काठवट दोन, विजयाची बाहुलीसुद्धा एकोणतीस. रोज सकाळी सामान अंगणात ओळीनं मांडायचं, तातेरावांनी हात मागे बांधून पाहणी करायची आणि दुपारी पुन्हा आत न्यायचं. एकदा तर सुनेच्या डोक्यावर ट्रंक देऊन स्टेशनापर्यंत तालीम झाली. स्टेशनमास्तरनं विचारलं, "कुठं निघालात?" तातेराव म्हणाले, "आज कुठंच न्हाई." आणि फौज घरी परतली.

मग त्यांनी पंचांग काढलं. झाशी उत्तरेला, म्हणजे मंगळवार-बुधवारी दिशाशूळ. त्या दिवशी निघणं वर्ज्य. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण तातेरावांचं डोकं कोठारातलं, एक खिळा हिशेबाबाहेर राहू देणारं नव्हे. गाडी आधी पूर्णेला जाते, ती दक्षिण. म्हणजे गुरुवार गेला. पूर्णेहून मनमाड पश्चिमेला. रविवार आणि शुक्रवार गेले. मनमाडहून भुसावळ पूर्वेकडे, सोमवार-शनिवारही गेले. झाले सातही दिवस.

"रेल पटरी पे चलती, पंचांग पे नै," शेजारचे खाजा मिया शिंपी म्हणाले.

"तुमी कपडे शिवा," तातेराव म्हणाले.

जोशीबुवांनी तोड काढली. अडचणीच्या दिवशी निघायचं असेल तर चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवावं. सुपारी, तांदूळ, हळकुंड फडक्यात बांधून त्या दिशेच्या घरी ठेवलं की प्रवास सुरू झाला. मात्र ठेवलेलं परत घरात आणायचं नाही आणि तीन दिवसांत निघायचं. तातेरावांना हे पटलं, पण सुपारी नाही पटली. "सुपारी झाशीला जानार हाय का? जे जानार तेच ठेवायचं!" दिशा चार, म्हणून घरंही चार. तवा-काठवट दक्षिणेला खाजा मियांकडे, भांडी पश्चिमेला, अंथरुणं पूर्वेला, ट्रंक उत्तरेला. परत आणायची बंदी, म्हणून जिवनबाई खाजा मियांच्या अंगणात तीन दगड मांडून भाकरी थापू लागली. खाजा मियांची बायको खतीजाबी तिच्याजवळ बसायची आणि हसून हसून डोळे पुसायची. रात्री तातेराव पोत्यावर झोपले, पण नियम मोडला नाही.

उत्तरेची मुदत संपली की नवं प्रस्थान, तोवर पूर्वेची संपायची. असे बारा दिवस गेले. जिवनबाईचं हसू केव्हाच मावळलं होतं. नऊ वर्षांनी मिळालेली खोली तिच्या डोळ्यांदेखत पंचांगात जिरत होती आणि आम्ही मात्र ओट्यावर बसून मजा बघत होतो. आज त्याची लाज वाटते.

मंगळवारी रामकिशन येऊन सांगून गेला, "परवा गुरुवारी दुपारची गाडी. त्यानंतर निघालं तर पंधरा तारीख हुकती. मी थांबनार न्हाई."

"गुरुवार? दक्षिणेला? तिकडची मुदत तर कालच सरली!" तातेरावांनी नकारार्थी मान हलवली.

बुधवारी सकाळी जिवनबाईनं सासऱ्याचा कोट, धोतर आणि रुमाल एका फडक्यात बांधले, भर गल्लीतून चालत जाऊन गाठोडं खाजा मियांच्या ओसरीवर ठेवलं आणि परत येऊन उभी राहिली.

"मामंजी, तुमचं बी प्रस्थान ठेवलं. आता तुमालाबी निघावं लागंल. तुमाला एकटं टाकून मी न्हाई जानार, अन् इथं ऱ्हानार बी न्हाई."

आता फटाके फुटणार, असं आम्हाला वाटलं. तातेराव उठले, ओसरीवरून गाठोडं उचललं आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या घरात परत घेऊन आले. नियमाचा पक्का माणूस, त्यानं स्वतःचं प्रस्थान मोडलं.

"मार्तंडनं साहेबाला इचारलं व्हतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बायको अन् लेकरू, एवढ्यालाच परवानगी. बापाला न्हाई. पत्रात लिवलंय. तेवढी ओळ मी वाचली न्हाई."

जिवनबाईनं विचारलं, "काहून न्हाई वाचली?"

"वाचली असती तर तू गेली नसतीस."

"मग हे बारा दिवस?"

"जाऊ द्यायचं तर व्हतंच," तातेराव म्हणाले. "पन रोज सकाळी वाटायचं, आज न्हाई, उद्या."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. रामकिशनची बैलगाडी दारात आली तेव्हा ट्रंक तातेरावांनीच उचलून आत ठेवली आणि विजयाला वर चढवलं. जिवनबाई पाया पडून गाडीत बसली आणि तातेराव नेहमीसारखे पोचवायला गाडीमागं चालू लागले.