बारावीतलं ब्लाउज

कामरगावात भागिरथाबाईकडे ब्लाउज शिवायले जायचं म्हणजे काळीज घट्ट करून जावं लागते. शिवते एक नंबर, त्यात वाद नाई. पण बाई माप मोठ्यानं सांगते. दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली. बाहेर ओट्यावर दोन-तीन बाया बसलेल्या, अन् आत बाई टेप लावते आणि वही घेऊन बसलेल्या तिच्या बहिणीले, गंगूले, सांगते, "छाती बेचाळीस, कंबर अडतीस, लिही." कोणी म्हटलं, बाई जरा हळू, तर म्हणते, "काहून? चोरीचं हाय का?"

बाई स्वतः अंगानं दांडगी, रंगानं काळीभोर. मशीनवर बसली की खालचा स्टूल दिसत नाई. अन् तिले त्याचं काही वाटत नाई, याचाच लोकाले राग. खरं सांगते, मलेही यायचा. वाटे, हिले लाज कशी नाई?

मी निता. मागच्या वर्षी कारंज्याले कॉम्प्युटर क्लासमधी शिकवत होती. तवा मालेगावच्या प्रसेनजितचं स्थळ आलं. पोरगा शाळेत क्लार्क, बोलायले साधा. पाहायले आले तवा त्याच्या आत्यानं मले वरून खालून न्याहाळलं अन् म्हणे, "पोरगी हुशार हाय. अंगानं जराशी भरली हाय, पण लग्नापर्यंत उतरन." सगळे हसले. आमची माय हसली. मी बी हसली, अन् तेच मले आजवर खुपते.

आमच्या बौद्धाईत नवरीची पांढरी साडी अन् ब्लाउज नवऱ्याकडून येते. त्यासाठी पोरीनं मापाचं ब्लाउज पाठवाचं. सासूनं फोन करून मागतलं. मी काय केलं? बारावीच्या निरोपसमारंभाले घातलेलं ब्लाउज पेटीतून काढलं अन् तेच पाठवून देलं. अक्कल चरायले गेली होती, दुसरं काय. वाटलं, दोन महिने हायेत, तेवढ्यात त्यात बसू.

मंग उपास सुरू झाले. सकाळी जिऱ्याचं पाणी, दुपारी अर्धी भाकर, संध्याकाळी काही नाई. क्लासमधी फळ्यासमोर उभी राह्यली की डोळ्यापुढं अंधारी येई. केस मूठमूठ गळाले लागले. अन् गावातल्या बाया काय म्हणत? "उतरली वं निता, कशी छान दिसून राह्यली." पोरगी आजारी पडून राह्यली अन् लोकं पाठ थोपटून राह्यले. आठवलं की आजही डोकं फिरते मायं.

लग्नाले दहा दिवस राह्यले तवा साडी-ब्लाउज आलं. पांढरंशुभ्र, रुपेरी काठाचं. घालून पायलं तर समोरून चार बोटं उघडं. हुक लागतच नाई. आतून कडी लावून रडली मी. मंग ते ओढणीत गुंडाळलं अन् भागिरथाबाईकडे गेली.

"बाई, चार बोटं सोडून द्या. अन् कोणाले सांगू नका."

बाईनं ब्लाउज उलटं केलं, शिलाया पायल्या. "आत दाबलेलं कापडच नाई. सोडू काय, हवा? अन् हे तुयं माप नाई. कोणाचं पाठवलं?"

"मायंच हाय."

"कवाचं?"

मी ओढणीची घडी घालाले लागली. ती समजली.

"बगलेत जोड देता येते," बाई म्हणे. "पण मी देत नाई. आज इथं जोड देईन. उद्या सासरी ताटावर बसशीन अन् ते घास मोजतीन, तवा कोण देऊन राह्यलं तुले जोड?"

मले लय राग आला. "तुमाले काय समजते? तुमाले कोणी पाहायले येत नाई आता," असं तोंडावर बोलली. दुसऱ्या टेलरकडे जाते म्हणून उठली, अन् दाराशी पोचत नाई तर पायातलं बळच गेलं. शुद्ध आली तवा मी कापडाच्या चिंध्यांवर आडवी, अन् बाई तोंडावर पाणी मारून राह्यली.

"जेवली कवा होती?"

"काल दुपारी."

तिनं गंगूले घरातून पिठलं-भाकर आणायले लावली. मी खात होती अन् ती मशीनकडे पाहत बोलत होती.

"मले शिरपूरले देलं होतं. एकोणीस वर्षाची होती. सासरी मले म्हैस म्हणत. नाव घेऊन कोणी बलावलंच नाई. सगळ्याईचं जेवण झालं की मी चुलीमागं उभ्या उभ्या खाव, चोरून. अकरा वर्षं. तरी अंग कमी झालं नाई, अन् लोकाईचं बोलणं बी नाई. एक दिवस सगळ्याईच्या मधात ताट घेऊन बसली. नवरा म्हणे, ऊठ. म्या म्हटलं, पोट भरलं की उठते. जेवली, हात धुतला, अन् उठली ते त्या घरातूनच उठली."

थोड्या वेळापूर्वी मी काय बोलली होती, ते आठवून मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागाले तोंड उघडलं तर बाई म्हणे, "आधी घास गिळ."

खाऊन झाल्यावर तिनं टेप घेतला. माप सांगतलं, नेहमीच्याच आवाजात. छाती एकोणचाळीस, कंबर चौतीस. ओट्यावरच्या बायाईनं ऐकलं. आभाळ काही कोसळलं नाई. तिथूनच मी सासूले फोन लावला.

"आई, ब्लाउज होत नाई. म्या पाठवलं ते बारावीतलं होतं. चूक मायी हाय."

सासू म्हणे, "अवं, दहा दिवस हायेत. कमी जेव थोडं. जमवून घे."

"नाई जमवत. दोन महिने जमवलं, आज चक्कर येऊन पडली. आता मी जेवून राह्यली."

"मंग लोकाले काय सांगू आमी?"

"पोरगी अशीच हाय म्हणा."

संध्याकाळी प्रसेनजितचा फोन आला. "आई लय चिडली. आत्या म्हणते, थांबू या जरा."

"आत्याचं लग्न नाई," मी म्हटलं. "तुले थांबाचं असन तर तू सांग."

लग्न मोडते की काय अशी भीती होती, पण आवाज खाली येऊ देला नाई. तो म्हणे, "तू पडली होती? कुठं लागलं का?"

लग्न झालं. ब्लाउज भागिरथाबाईनं शिवलं, साध्या पांढऱ्या कापडाचं, पोटभर श्वास घेता येईल असं. विहारात वंदना झाली, हार घातले, आत्या तोंड फुगवून पहिल्या रांगेत बसली. फोटो सुरू झाले तवा मी स्टेजवरून खाली उतरली, बाईले हाताले धरून वर आणलं अन् आमच्या दोघांच्या मधात उभं केलं.

फोटोवाला कॅमेऱ्यातून पाहून म्हणे, "मावशी, तुमी जरा मागं उभ्या राहा. फ्रेममधी बसून नाई राह्यल्या."

चार लोकं हसले. मले वाटलं, आता जाते अन् याचा कॅमेराच फोडते. बाई जागची हलली नाई. तिनं पदर सारखा केला अन् त्याले म्हणे, "मंग तू मागं सरक."

तो सरकला.